एपीआय पहिल्यांदा वापरताय? शेकरूपासून सुरुवात करू

तहसील कचेरीच्या खिडकीवर आपण आत घुसून कपाटं उघडत नाही. ठरलेल्या नमुन्यात अर्ज द्यायचा, रकाने नीट भरायचे, मग आतून ठरलेल्या नमुन्यातच उतारा मिळतो. रकाना चुकला की अर्ज परत. एपीआय ही संगणकांसाठीची अशीच खिडकी आहे. एका संगणकाने दुसऱ्याकडे माहिती मागायची किंवा काम सोपवायचं, तर अर्ज कसा लिहायचा, उत्तर कोणत्या आकारात येईल आणि दिवसाला किती अर्ज चालतील हे तिथे आधीच ठरलेलं असतं.

2016 साली सुरू झालेली यूपीआय असो की 2015 पासूनचं डिजिलॉकर, पडद्यामागे अशाच खिडक्यांवर काम चालतं. चहावाल्याला 20 रुपये पाठवले की तुमचं ॲप, दोन्ही बँका आणि नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनची यंत्रणा एकमेकांना ठरलेल्या नमुन्यात निरोप देतात. संशोधनातही आता तेच झालंय. पूर्वी संग्रहालयाच्या खणातला नमुना पाहायला प्रत्यक्ष जावं लागे. आता त्याची निदान नोंद तरी घरबसल्या मागता येते.

हा लेख प्रोग्रामिंग न येणाऱ्यांसाठी आहे: एम.एस्सी.चे विद्यार्थी, पीएच.डी.ची सुरुवात करणारे, पत्रकार, संस्थांमधले कार्यकर्ते. उदाहरण म्हणून एकच प्रश्न शेवटपर्यंत न्यायचा प्रयत्न करतो, कारण दहा एपीआयची ओझरती ओळख करून घेण्यापेक्षा एकावर नीट हात बसवलेला बरा. पत्ते आणि रकान्यांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची.

पायरी 1: आधी प्रश्न कागदावर

"मला शेकरूचा डेटा हवाय" हा प्रश्न नव्हे. "महाराष्ट्रात शेकरूच्या नोंदी कुठे कुठे झाल्या, कोणत्या वर्षांत झाल्या आणि त्या कोणी केल्या?" हा प्रश्न झाला. यातून तीन रकाने आपोआप निघतात: प्राणी कोणता, प्रदेश कोणता, काळ कोणता. एपीआयला हेच लागतं.

शेकरू ही मोठी खार, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. भीमाशंकरचं अभयारण्य 1985 मध्ये मुख्यतः त्याच्यासाठी जाहीर झालं. त्याच्या नोंदी जीबीआयएफ (ग्लोबल बायोडायव्हर्सिटी इन्फर्मेशन फॅसिलिटी) या जैवविविधतेच्या नोंदींच्या आंतरराष्ट्रीय जालावर मिळतात. 2001 मध्ये उभी राहिलेली ही यंत्रणा कोपनहेगनहून चालते. जगभरची संग्रहालयं, विद्यापीठं आणि हौशी निरीक्षकांचे मंच आपल्या नोंदी तिच्याद्वारे प्रसिद्ध करतात. वाचायला पैसे लागत नाहीत आणि साध्या शोधासाठी खातंही काढावं लागत नाही. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं ते याचसाठी.

पायरी 2: ब्राउझरमध्येच पहिला अर्ज

कार्यशाळांमध्ये पहिला तास पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा बसवण्यात जातो आणि निम्मे लोक तिथेच गळतात. पहिल्या दिवशी त्याची गरजच नाही. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत हे लिहा:

एपीआय डॉट जीबीआयएफ डॉट ऑर्ग / व्ही1 / स्पीशीज / मॅच ? नेम = रटूफा इंडिका

रटूफा इंडिका हे शेकरूचं शास्त्रीय नाव. मधल्या मोकळ्या जागा गाळायच्या, फक्त रटूफा आणि इंडिका यांच्यामधली ठेवायची. प्रश्नचिन्हाच्या आधी खिडकीचा पत्ता, नंतर तुमचे रकाने. एकाहून जास्त रकाने असतील तर मध्ये अँडचं चिन्ह. एवढं व्याकरण समजलं की अर्ध्याहून अधिक एपीआय वाचता येतात.

उत्तर महिरपी कंसांतल्या मजकुराच्या रूपात येईल. त्या मांडणीला जेसन म्हणतात: डावीकडे रकान्याचं नाव, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग उत्तर. फायरफॉक्समध्ये ते आपोआप घड्या घातलेलं, वाचण्याजोगं दिसतं. इथे चार गोष्टी पाहायच्या. 'युसेज-की' म्हणजे त्या प्रजातीचा क्रमांक. पुढच्या सगळ्या अर्जांत हाच लागतो. 'सायंटिफिक-नेम'मध्ये पूर्ण नाव दिसेल, शेवटी अर्क्स्लेबेन, 1777 असं. या प्रजातीचं वर्णन त्याने त्या वर्षी केलं. 'कॉन्फिडन्स' म्हणजे जुळणीबद्दलची खात्री. आणि चौथा 'मॅच-टाइप'. लोक त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, आणि नेमके तिथेच फसतात.

मॅच-टाइप 'एक्झॅक्ट' असेल तर ठीक. 'फझी' असेल तर तुम्ही स्पेलिंग चुकवलंय आणि त्याने अंदाज बांधलाय. अंदाज बरोबर आहे का ते पाहा. पण 'हायर-रँक' आलं तर थांबा. त्याचा अर्थ प्रजाती सापडली नाही, म्हणून त्याने तुम्हाला वरच्या पातळीवर, म्हणजे नुसत्या रटूफा या वंशावर (जीनसवर) नेऊन सोडलं. त्याचाही एक क्रमांक मिळतो, दिसायला तो अगदी तसाच असतो. तो घेऊन पुढे गेलात तर शेकरूबरोबर दक्षिणेतली करडी मोठी खार आणि ईशान्येतली काळी मोठी खारही तुमच्या नकाशावर येऊन बसतील. चूक झाली म्हणून कोणी ओरडणार नाही. एपीआयच्या दृष्टीने अर्ज बरोबर होता, उत्तरही बरोबर गेलं. असा ढिला ताळा नको असेल तर अर्जात 'स्ट्रिक्ट = ट्रू' जोडा.

पायरी 3: नोंदी मागण्याआधी मोजा

आता खिडकी बदलायची. व्ही1 नंतर 'ऑकरन्स / सर्च' लिहा आणि रकाने द्या: टॅक्सॉन-की म्हणजे आत्ता मिळालेला क्रमांक, कंट्री म्हणजे भारताचा दोन अक्षरी संकेत आयएन, आणि लिमिट = 0. शून्य मुद्दाम. त्यामुळे एकही नोंद न येता नुसता 'काउंट' येतो, म्हणजे एकूण किती नोंदी आहेत ते कळतं. त्यालाच 'फॅसेट = इयर' जोडलं की कोणत्या वर्षी किती, असा तक्ताही हाती येतो. सुरुवातीला ठरावीकच गट दिसतात. सगळी वर्षं हवी असतील तर फॅसेट-लिमिट वाढवायचं. प्रकल्पाचा आराखडा लिहिताना एवढं पाच मिनिटांत कळणं फार उपयोगाचं आहे. नोंदी मोजक्याच आहेत की हजारोंनी, त्यावर पुढची सगळी पद्धत ठरते.

तक्त्यात अलीकडच्या वर्षांचे आकडे फुगलेले दिसले तर "शेकरू वाढले" असा मथळा मनात येऊ देऊ नका. मोबाइल फोन वाढले, आयनॅचरलिस्टसारखे मंच आले, शनिवार-रविवारी कॅमेरा घेऊन फिरणारे वाढले. नोंद होते ती पाहणारा असतो तिथे. भीमाशंकरच्या पायवाटेवर दहा जणांनी एकच प्राणी टिपला तर दहा नोंदी होतील. आणि आतल्या दरीत कोणी गेलंच नाही, तर तिथे काहीच दिसणार नाही. म्हणून काही तिथे शेकरू नाही असं होत नाही.

आता प्रदेश. 'स्टेट-प्रॉव्हिन्स = महाराष्ट्र' लिहिलं की काम झालं असं वाटतं. पण हा रकाना नोंद देणाऱ्याने जसा भरला तसाच असतो, स्पेलिंगच्या तऱ्हांसकट. शिवाय महाराष्ट्र राज्य झालं 1 मे 1960 ला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं सस्तन प्राण्यांचं मोठं सर्वेक्षण 1911 ला सुरू झालं. त्या काळच्या नमुन्याच्या चिठ्ठीवर महाराष्ट्र हे नाव कुठून असणार? बॉम्बे प्रेसिडेन्सी किंवा नुसतं गावाचं नाव असण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे राज्याच्या नावाने गाळलंत तर नेमक्या जुन्या, मोलाच्या नोंदी गळू शकतात. त्याऐवजी दोन मार्ग आहेत. एक, प्रशासकीय सीमांच्या जागतिक संचातला राज्याचा संकेत 'गॅडम-जीआयडी' या रकान्यात द्यायचा. दुसरा, नकाशावर बहुभुज आखून 'जॉमेट्री'मध्ये द्यायचा. बहुभुजात रेखांश आधी, अक्षांश नंतर, आणि बिंदू घड्याळाच्या उलट दिशेने. दोन्ही मार्गांनी मिळणारे आकडे राज्याच्या नावाच्या आकड्याशी ताडून पाहा. फरकातूनच बरंच कळतं. मात्र अक्षांश-रेखांश नसलेल्या जुन्या नोंदी या दोन्ही मार्गांनीही सुटतात. त्या 'हॅज-कोऑर्डिनेट = फॉल्स' लावून वेगळ्या काढायच्या आणि हातानेच वाचायच्या.

पायरी 4: एक नोंद उघडून नीट वाचा

लिमिट = 1 करून एकच नोंद मागवा आणि चहा घेत पूर्ण वाचा. रकाने शंभराच्या आसपास असू शकतात. सगळे लागत नाहीत, हे मात्र लागतातच:

'बेसिस-ऑफ-रेकॉर्ड' सांगतो की ही माणसाने पाहिलेली नोंद आहे की संग्रहालयात जपलेला नमुना. दोन्ही एकाच ढिगात टाकू नयेत.

'डेसिमल-लॅटिट्यूड' आणि 'डेसिमल-लाँजिट्यूड'. भीमाशंकर साधारण 19.07 उत्तर आणि 73.54 पूर्व. महाराष्ट्र ढोबळमानाने 15.6 ते 22.1 अक्षांश आणि 72.6 ते 80.9 रेखांश यांत बसतो. हे चार आकडे भिंतीवर चिकटवून ठेवा. कोणी अक्षांश-रेखांशांची अदलाबदल केली तर भीमाशंकरचा शेकरू नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात, बेअर बेटाच्या दक्षिणेला पोहत असलेला दिसतो. तो निदान नजरेत तरी येतो. दशांश चिन्हानंतरचा एक आकडा चुकलेला शेकरू मात्र पाच-दहा किलोमीटरवरच्या ओसाड माळावर बसतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

'कोऑर्डिनेट-अनसर्टन्टी-इन-मीटर्स' हा माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित रकाना. इथे 30 असेल तर जागा पक्की. 30,000 च्या आसपास असेल तर ती जागा मुद्दाम धूसर केलेली असू शकते. आयनॅचरलिस्टवर संकटग्रस्त प्रजातींची, किंवा निरीक्षकाने सांगितलं तर कोणत्याही नोंदीची, खरी जागा लपवली जाते आणि 0.2 अंश बाय 0.2 अंश चौकटीत कुठेतरी एक बिंदू टाकला जातो. शिकाऱ्यांच्या हाती पत्ता लागू नये म्हणून हे गरजेचंच आहे. पण असे बिंदू घेऊन "शेकरू रस्त्यापासून किती अंतरावर राहतो" हे मोजायला बसलात तर हाती काही लागणार नाही.

'इश्यूज'मध्ये यंत्रणेने स्वतःच पकडलेल्या शंका असतात, उदाहरणार्थ देश आणि अक्षांश-रेखांश जुळत नाहीत. आणि 'लायसन्स'. नोंदी तीनपैकी एका परवान्याखाली येतात: पूर्ण मुक्त, श्रेय देऊन वापरता येण्याजोगी, किंवा श्रेय देऊन पण बिगरव्यावसायिक. पीएच.डी.ला तिन्ही चालतील. कंपनीच्या ॲपमध्ये घालणार असाल तर तिसऱ्या प्रकारच्या नोंदी आधीच वगळा.

पायरी 5: पानं उलटणं आणि थांबणं

एका अर्जात जास्तीत जास्त 300 नोंदी मिळतात. पुढच्या 300 साठी ऑफसेट = 300, मग 600, असं करत जायचं. उत्तरात 'एंड-ऑफ-रेकॉर्ड्स' ट्रू झालं की संपलं. इथे ब्राउझर पुरत नाही, छोटा कार्यक्रम (प्रोग्राम) लागतो. पायथनमध्ये 'पायजीबीआयएफ' आणि 'आर' या दुसऱ्या भाषेत 'आरजीबीआयएफ' ही तयार पॅकेजं आहेत. कार्यक्रम एआयकडून लिहून घेतलात तरी हरकत नाही, पण तो रकान्यांची नावं मनाने रचतो का, हे अधिकृत दस्तऐवजाशी ताडून पाहा. न ओळखलेला रकाना बऱ्याच एपीआय मुकाट्याने सोडून देतात. मग तुम्हाला वाटतं गाळणी लागली, आणि प्रत्यक्षात सगळा ढीग आलेला असतो.

प्रत्येक उत्तराबरोबर एक तीन अंकी संकेत येतो. 200 म्हणजे मिळालं. 400 म्हणजे अर्ज चुकीचा लिहिलाय. 401 आणि 403 म्हणजे ओळख पटली नाही किंवा परवानगी नाही. 404 म्हणजे असं काही इथे नाही. 429 म्हणजे फार भराभर विचारताय, जरा दम धरा. अशा वेळी 'रिट्राय-आफ्टर' दिलं असेल तर तेवढे सेकंद थांबायचं, नसेल तर थांबण्याचा वेळ दर खेपेला दुप्पट करत जायचं. 500 च्या घरातले संकेत म्हणजे बिघाड त्यांच्याकडे आहे, थोड्या वेळाने पाहा. 400 आल्यावर तोच अर्ज पुन्हा पुन्हा पाठवणारे कार्यक्रम मी पुष्कळ पाहिलेत. अर्ज चुकलेला असेल तर शंभराव्यांदाही तो चुकलेलाच असतो.

आलेलं प्रत्येक कच्चं उत्तर जसंच्या तसं फाइलमध्ये साठवा, फाइलच्या नावात तारीख घाला, आणि शेजारी पूर्ण अर्ज म्हणजे पत्ता लिहून ठेवा. साफसफाई नंतर, वेगळ्या प्रतीवर. सहा महिन्यांनी मार्गदर्शक विचारतील की आकडा 40 ने का बदलला. नोंदी रोज वाढतात, काही मागेही घेतल्या जातात. कच्ची फाइल असेल तर उत्तर देता येतं.

संशोधनासाठी मात्र शेवटचा संच या शोध-खिडकीवरून घेऊच नका. तिची मर्यादा एका शोधाला एक लाख नोंदींची आहे, आणि मुख्य म्हणजे तिचा दाखला देता येत नाही. त्यासाठी जीबीआयएफची डाउनलोड-खिडकी आहे. तिला मोफत खातं लागतं. मागणी नोंदवली की थोड्या वेळाने झिप फाइल तयार होते आणि तिला स्वतःचा डीओआय, म्हणजे दाखला देण्याचा कायमचा ओळख-क्रमांक मिळतो, 10.15468 ने सुरू होणारा. प्रबंधात तो डीओआय दिलात की दुसरं कोणीही नेमका तुमचाच संच पाहू शकतं, आणि मूळ नोंदी देणाऱ्या संस्थांनाही श्रेय पोचतं.

शेजारच्या खिडक्या

शेकरूवर आधी कोणी काय लिहिलंय? त्यासाठी क्रॉसरेफ ही शोधनिबंधांच्या नोंदींची खिडकी: एपीआय डॉट क्रॉसरेफ डॉट ऑर्ग / वर्क्स, रकाना 'क्वेरी', आणि 'रोज' म्हणजे किती ओळी हव्यात. चावी (नोंदणी केल्यावर मिळणारा सांकेतिक मजकूर) लागत नाही, पण 'मेल-टू'मध्ये आपला ईमेल दिलात तर तुमचा अर्ज सभ्य रांगेत जातो. तुमच्या कार्यक्रमाने घोळ घातला तर अडवण्याआधी ते कळवू शकतात. एकूण आकडा अवाच्या सवा दिसेल. घाबरू नका, त्यात जेमतेम जुळणारेही मोजलेले असतात, कामाचे सहसा पहिल्या पानावर. मात्र डीओआय नसलेलं काहीच इथे सापडत नाही. महाविद्यालयांची छापील नियतकालिकं, वन विभागाचे अहवाल, मराठीतलं बहुतेक निसर्गलेखन या खिडकीच्या बाहेरच राहतं. "यावर आधी काम झालेलं नाही" हे वाक्य क्रॉसरेफच्या भरवशावर लिहू नये.

पावसाचा संबंध जोडायचा असेल तर नासाच्या पॉवर प्रकल्पाची खिडकी आहे. अक्षांश-रेखांश आणि तारखा दिल्या की 1981 पासूनचे रोजचे आकडे मिळतात. दोन खाचखळगे सांगतो. जिथे आकडा उपलब्ध नाही तिथे ती रिकामी जागा न ठेवता उणे 999 लिहिते. तसाच सरासरीत धरलात तर जुलैतही पाऊस उणे निघेल. दुसरा सह्याद्रीचा. यातले हवामानाचे आकडे अक्षांशात अर्धा आणि रेखांशात 0.625 अंशाच्या चौकटींवर बेतलेले आहेत, म्हणजे आपल्याकडे एका बाजूला पन्नासहून जास्त किलोमीटर. महाबळेश्वर आणि वाई यांच्यात रस्त्याने जेमतेम 30-35 किलोमीटर. एकीकडे धो धो पाऊस, दुसरीकडे त्याच्या छोट्या हिश्शाइतका. चौकटीला हा फरक दिसत नाही. घाटमाथ्यावरच्या एका झाडाशी या आकड्याचं नातं जोडणारे निबंध पाहिले की मी आधी हीच गोष्ट विचारतो.

लोकांना शेकरूबद्दल किती कुतूहल आहे हे पाहायचं तर विकिमीडियाची पेज-व्ह्यूज खिडकी. मराठी विकिपीडियावरचा 'शेकरू' हा लेख रोज किती वेळा उघडला गेला ते जुलै 2015 पासून मिळतं. मागताना 'ऑल-एजंट्स' नको, 'यूजर' निवडा. नाहीतर यंत्रांच्या भेटीही वाचक म्हणून मोजल्या जातील.

मराठी अक्षरांची भानगड

पत्त्यात 'शेकरू' लिहिलंत की ब्राउझर ते गुपचूप बदलतो. श, एकार, क, र, दीर्घ ऊकार अशी पाच युनिकोड चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे 15. प्रत्येक बाइटसाठी टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं, म्हणजे पाच चिन्हांची 45 होतात. ब्राउझर हे स्वतः करतो. तुमच्या कार्यक्रमात पत्ता हाताने जोडत असाल तर ते तुम्हाला करावं लागतं, नाहीतर 400 किंवा 404 येतं आणि कारण कळत नाही. पायथनमध्ये रकाने वेगळे दिले की 'रिक्वेस्ट्स' हे पॅकेज ते सांभाळून घेतं. मात्र लेखाचं नाव पत्त्याच्या मधल्या भागात येत असेल, जसं पेज-व्ह्यूजमध्ये येतं, तर त्याचं रूपांतर झालंय ना हे एकदा छापून पाहा.

याहून त्रासदायक म्हणजे दिसायला सारखी पण आतून वेगळी अक्षरं. 'ॲप' मधला ॲ एकच चिन्ह म्हणून लिहिता येतो, आणि अ वर चंद्र देऊनही. पडद्यावर दोन्ही जवळपास सारखेच, पण शोधाला ते दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण ऱ सारखी काही जोडरूपं एक करतं, हा ॲ मात्र करत नाही. तो तुम्हालाच बदलून घ्यावा लागतो. गावांची, माणसांची, अर्जदारांची मराठी नावं जुळवणाऱ्या कुणालाही हे आधी सांगायला हवं. आणि हो, मराठी मजकुराची सीएसव्ही (साध्या मजकुरातल्या तक्त्याची) फाइल थेट दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. डेटा टॅबमधून आयात करा आणि यूटीएफ-8 निवडा, म्हणजे खिचडी दिसणार नाही.

चावी लागते तेव्हा

भारत सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन वर नोंदणी करून चावी घ्यावी लागते. नमुना म्हणून दिलेल्या चावीने 10 नोंदीच मिळतात. पुष्कळ जण "डेटाच अपुरा आहे" म्हणून इथूनच परत फिरतात. चावी म्हणजे अक्षरांची लांब माळ. ती कार्यक्रमाच्या मजकुरात लिहू नका. वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल गिटहबवर, म्हणजे लोक आपले कार्यक्रम ठेवतात त्या संकेतस्थळावर, जाणार नाही याची तजवीज करा. उघड्यावर पडलेल्या चाव्या शोधणारी यंत्रं तिथे सतत फिरत असतात. चुकून गेलीच तर नुसती पुसून भागत नाही, कारण जुन्या आवृत्तीत ती राहते. चावी रद्द करून नवी घ्या.

माहितीवरून सेवेकडे

समजा याच संकेतस्थळावरून बाजार समित्यांचे रोजचे भाव घेऊन शेतकरी गटाला लासलगावचा कांद्याचा भाव मेसेजने पाठवायचाय. नोंदीत बाजार, वाण, तारीख, किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव असे रकाने असतात, भाव क्विंटलचा. संशोधकाला चालतं ते इथे चालत नाही. संशोधक उद्या पुन्हा अर्ज करेल. शेतकरी मेसेज वाचून ट्रॅक्टर जोडतो.

त्यामुळे भावाबरोबर तारीख छापलीच पाहिजे. आज लिलाव नसेल, किंवा नोंद अजून चढली नसेल, तर "आजची नोंद उपलब्ध नाही" असं स्पष्ट लिहा. कालचा भाव आजचा म्हणून जाऊ देऊ नका आणि रिकाम्या रकान्याचा शून्य तर मुळीच करू नका. दोनशे सभासदांसाठी दोनशे अर्ज करायचे नाहीत. एकदाच मागवा, आपल्याकडे साठवा, तिथून सगळ्यांना पाठवा. किमान भाव कमालपेक्षा जास्त आला, किंवा कालच्या दहापट झाला, तर मेसेज थांबवून माणसाला दाखवा. त्या माणसाने बाजार समितीत फोन लावावा.

पैशांचा व्यवहार असेल तर आणखी एक नियम. उत्तर आलं नाही म्हणजे व्यवहार झाला नाही असं नसतं. यूपीआयवर 'पेंडिंग' पाहून दुसऱ्यांदा पैसे पाठवणारे आपण सगळेच ओळखतो. तुमच्या कार्यक्रमाने तीच घाई करू नये, म्हणून प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक द्या आणि पुन्हा पाठवण्याआधी त्या क्रमांकाची स्थिती विचारा. पैसे देणाऱ्या-घेणाऱ्या सेवांच्या चाचणीसाठी खोटे पैसे वापरणारं सँडबॉक्स बहुतेक वेळा मिळतं. खऱ्या खात्याला त्याआधी हात लावू नका.

खिडकी बंद झाली तर

ट्विटरने जानेवारी 2021 मध्ये संशोधकांसाठी खास मोफत खिडकी उघडली होती. महिन्याला एक कोटी ट्वीट घेता येत. फेब्रुवारी 2023 मध्ये मोफत प्रवेश बंद करण्याची घोषणा झाली आणि कित्येक प्रकल्प अर्ध्यावर राहिले. रेडिटने त्याच वर्षी जुलैपासून मोठ्या वापराला पैसे लावले. फेसबुकवरचा मजकूर अभ्यासायला पत्रकार वापरत ते क्राउडटँगल 14 ऑगस्ट 2024 ला बंद झालं. याला दुसरी बाजूही आहे. फेसबुकची खिडकी एके काळी इतकी सताड उघडी होती की एका चाचणी-ॲपमधून ते वापरणाऱ्यांच्या मित्रांचीही माहिती निघाली. 2018 च्या केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात 8 कोटी 70 लाखांपर्यंत लोकांचा आकडा फेसबुकनेच दिला होता.

म्हणून तीन वर्षांचा प्रबंध एखाद्या खिडकीवर उभा करण्याआधी ती चालवतं कोण, सार्वजनिक संस्था की कंपनी, ते पाहा. वापराच्या अटींत माहिती साठवायला आणि इतरांना द्यायला परवानगी आहे का ते वाचा. काही ठिकाणी फक्त क्रमांक देता येतात, मजकूर नाही. पत्त्यातला व्ही1 म्हणजे आवृत्ती. व्ही2 आली की जुनी कधी बंद होणार याची सूचना आधी येते, पण ती येते नोंदणीच्या ईमेलवर. तेव्हा नोंदणी करताना महाविद्यालय सोडल्यावर बंद होणारा ईमेल देऊ नका.